इंजिनाचा आवाज काय सांगतो?

पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाडीच्या इंजिनातून एके दिवशी ‘टक् टक्’ असा आवाज येऊ लागतो. घरात लगेच चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, ऑइल बदला, थांबेल. कोणी म्हणते, आता इंजिन उतरवावे लागणार. कोणी म्हणते, गाडी जुनी झाली, आवाज करायचाच! मते तीन, पण तो आवाज नक्की केव्हा येतो, हे कोणालाच सांगता येत नाही.

वास्तविक सारे त्यावरच अवलंबून असते. झडपेजवळची फट थोडी वाढली असेल, तर ती पुन्हा जुळवून घेणे हे गॅरेजमधले किरकोळ काम आहे. पण आवाज कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधून येत असेल आणि गाडी तशीच घाटातून दामटली, तर रॉड तुटून इंजिनाचा बिडाचा ठोकळा फुटू शकतो आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. पहिल्या दुखण्यासाठी सारे इंजिन उघडणे म्हणजे पैशाचा चुराडा. दुसऱ्या दुखण्याला पहिले समजणे म्हणजे जिवाशी खेळ.

हे दोन आवाज वेगळे कसे ओळखावेत? त्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकांतच आहे.

दोन फेऱ्यांत एक स्फोट

उदाहरणादाखल मारुती ८०० ही गाडी घेऊ. ही गाडी १९८३ सालच्या डिसेंबरात भारतात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. असंख्य कुटुंबांची ती पहिली गाडी होती. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि त्यात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, ७२ मिलिमीटर वर-खाली सरकतो. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून पाहा : तिन्ही सिलिंडरांचे मिळून ७९६ घन सेंटिमीटर येतात. नावातला ८०० हा आकडा त्यावरूनच आला.

दट्ट्याच्या चार धावा असतात : पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, ठिणगीने पेटलेल्या वायूचा रेटा घेणे आणि जळका धूर बाहेर ढकलणे. या चार धावांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट मात्र तेवढ्या वेळात एकच फेरा घेतो. ही निमपट पुढे आपल्या फार उपयोगी पडणार आहे.

आता झिजेचा हिशेब करू. समजा, गाडी दीड लाख किलोमीटर चालली आणि दर किलोमीटरला इंजिनाचे सरासरी २,५०० फेरे झाले. म्हणजे एकूण साडेसदतीस कोटी फेरे! प्रत्येक झडप त्याच्या निम्म्या वेळा, म्हणजे पावणेएकोणीस कोटी वेळा उघडली आणि मिटली. एवढ्या हालचालीनंतर काही भाग झिजले, तर नवल ते काय?

फटीतून जन्मणारा आवाज

इंजिनात एकमेकांवर सरकणाऱ्या भागांमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. बेअरिंगमध्ये ती मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते. या फटीत दाबाखाली ऑइल येत राहते. फिरणारा दांडा ते ऑइल आपल्याबरोबर खेचतो आणि तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतो. धातूला धातू लागत नाही, म्हणून आवाजही होत नाही.

झिजेने फट वाढली, की ऑइल कडेने लवकर निसटते, त्याचा दाब घटतो आणि थर तुटतो. मग भार एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला, की सैल भाग त्या फटीत धावतो आणि धातूवर आदळतो. इंजिनातील ठोक्यांचे मूळ बहुधा अशा एखाद्या वाढलेल्या फटीत असते. हलक्या भागांचा आवाज बारीक ‘टिक् टिक्’ असा, तर जड भागांचा भरदार ‘ठक् ठक्’ असा येतो. पण केवळ एवढ्यावर निदान करू नये. वैज्ञानिक जसा एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहतो, तसे आपणही आवाजाला चार प्रश्न विचारू.

प्रश्न पहिला : इंजिन की चाके?

गाडी उभी ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाचा वेग हलकेच वाढवावा. आवाजही त्याबरोबर जलद झाला, तर तो इंजिनाचा. उभ्या गाडीत आवाज येत नाही आणि धावताना येतो, तर आधी चाकांकडे पाहावे. चाकाच्या बेअरिंगची घरघर गाडीच्या वेगाबरोबर वाढते. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत वळण घेताना ‘कट् कट्’ होत असेल, तर त्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा झिजलेला असण्याचा संभव मोठा. या एका प्रश्नाने कितीतरी निरपराध इंजिने उघडण्यापासून वाचतात!

प्रश्न दुसरा : सेकंदाला ठोके किती?

समजा, इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांनी संथ चालू आहे. म्हणजे क्रँकशाफ्टचे सेकंदाला १५ फेरे आणि कॅमशाफ्टचे साडेसात. फेरे मोजण्याचे यंत्र गॅरेजमध्ये असते. एका झडपेजवळची फट वाढली असेल, तर ठोके सेकंदाला साडेसात पडतील. क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला होणारा आवाज मात्र १५ वेळा येईल.

इतके जलद ठोके कानाने मोजता येत नाहीत. पण मोबाइलवर दोन सेकंदांचा आवाज मुद्रित करून त्याचा आलेख पाहिला, तर त्यातली टोके मोजता येतात. पंधरा टोके भरली तर निमपट वेग, तीस भरली तर पूर्ण वेग.

येथे एक सावधगिरी हवी. निमपट वेगाचा प्रत्येक ठोका झडपेचाच असतो असे नाही. एका सिलिंडरातला स्फोटही दोन फेऱ्यांत एकदाच होतो. तेव्हा स्फोटाच्या रेट्याने दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीवर आपटत असेल, तर तो आवाजही निमपटच येईल. मग या दोघांत फरक कसा करायचा?

प्रश्न तिसरा : थंड इंजिनात की गरम इंजिनात?

याचे उत्तर उष्णतेने होणाऱ्या प्रसरणात आहे. दट्ट्या ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा असतो. अनेक जुन्या इंजिनांत सिलिंडर बिडाचा असतो. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, तर या मिश्रधातूची लांबी दहा लाखांत सुमारे २० भाग वाढते, बिडाची सुमारे ११ भाग. दोन्ही १०० अंशांनी तापले असे धरू. ६८.५ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या सुमारे ०.१४ मिलिमीटरने फुगेल. सिलिंडरचा व्यास ०.०८ मिलिमीटरने वाढेल. म्हणजे फट सुमारे ०.०६ मिलिमीटरने कमी झाली. प्रत्यक्षात दट्ट्या सिलिंडरपेक्षा अधिक तापतो, त्यामुळे फट आणखी आवळते.

म्हणूनच सकाळी गाडी सुरू करताच येणारा आणि पाच-दहा मिनिटांत विरणारा ‘ठप् ठप्’ आवाज बहुधा दट्ट्याचा असतो. तो झिजेची खूण आहे, पण लगेच घाबरण्याचे कारण नाही. झडपेची टिकटिक इंजिन तापल्यावरही सहसा टिकून राहते.

रॉडच्या बेअरिंगचे वागणे याच्या नेमके उलट असते. इंजिन तापते तसे ऑइल पातळ होते. झिजलेल्या फटीतून ते अधिकच वेगाने निसटते आणि ठोका वाढत जातो. थंड असताना दबलेला आणि गरम झाल्यावर मोठा होणारा जड ठोका गंभीर समजावा.

प्रश्न चौथा : भार वाढवला तर?

इंजिन पूर्ण भार ओढत असताना स्फोटाच्या वेळी सिलिंडरातील दाब ४० वातावरणांच्या आसपास जाऊ शकतो. दट्ट्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्या क्षणी रॉडवर जवळजवळ दीड टन वजनाइतका रेटा येतो. रॉडचे बेअरिंग सैल असेल, तर भार वाढताच ठोका मोठा होणारच. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना रेट्याची दिशा बदलते, तेव्हाही तो स्पष्ट ऐकू येतो. झडपेच्या टिकटिकीला मात्र भाराशी फारसे कर्तव्य नसते.

अनुभवी मेकॅनिक कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनात एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर बंद करून पाहतात. स्फोट थांबला, की त्या रॉडवरचा रेटा जातो. ठोका ज्या सिलिंडरच्या वेळी मंदावतो, दोष त्याच्याच रॉडचा! हा प्रयोग त्यांनीच करावा. ठिणगीचा विद्युत्‌दाब हजारो व्होल्टचा असतो, आणि नव्या धाटणीच्या इंजिनात यामुळे इतर भागांचेही नुकसान होते.

चढावर येणारा आणखी एक आवाज वेगळा ओळखावा. पत्र्याच्या डब्यात खडे वाजावेत तसा तो असतो. येथे कोणताही भाग सैल नसतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते. जुन्या इंजिनात काजळीची पुटे साचून मिश्रणाची जागा आक्रसते आणि दाब वाढतो, म्हणून हा दोष त्यात अधिक दिसतो. अशा वेळी खालचा गिअर टाकावा आणि पुढे ठिणगीची वेळ तपासून घ्यावी.

जागा कशी शोधावी?

१८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले. पुढे त्यांनी त्यासाठी लाकडी नळी केली. हाच स्टेथॉस्कोपचा प्रारंभ. जुने मेकॅनिक लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवतात, त्यामागचे तत्त्वही मिळतेजुळते आहे. धातूतून हवेत शिरताना ध्वनीची बहुतेक ऊर्जा पृष्ठभागावरून परत फिरते. पण धातूला धातू टेकवला, की कंपने सरळ पुढे जातात. ज्या ठिकाणी आवाज सर्वांत मोठा, त्याच्या जवळपास दोष : वर झडपांच्या झाकणापाशी की खाली क्रँकशाफ्टजवळ?

हे घरी पडताळून पाहा. टिकटिकणारे घड्याळ लाकडी मेजाच्या एका टोकाला ठेवा आणि दुसऱ्या टोकाला कान टेकवा. मग कान उचलून तेवढ्याच अंतरावरून ऐका.

घरघर किंवा किंचाळी इंजिनाच्या पुढच्या बाजूने येत असेल, तर मेकॅनिक पंप आणि अल्टरनेटर फिरवणारा पट्टा काढून इंजिन काही सेकंद चालवतो. आवाज थांबला, तर दोष पट्ट्याचा किंवा त्याने फिरणाऱ्या भागांचा. इंजिन सुटले!

केव्हा थांबावे?

जड ठोक्याबरोबर ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर विचार करत बसू नये. गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. गाडी सपाट जागी असेल, तर काही मिनिटांनी पट्टीवर ऑइलची पातळी पाहावी. पातळी ठीक असूनही दिवा लागत असेल, तर गाडी ओढूनच न्यावी. दिवा दाब दाखवतो, पट्टी पातळी दाखवते. या दोन भिन्न राशी आहेत.

विद्यार्थ्यांनी चालू इंजिनाजवळ मोठ्यांशिवाय जाऊ नये. सैल कपडे, ओढणी आणि केस पट्ट्यापासून दूर ठेवावेत. रेडिएटरजवळचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. बंद खोलीत इंजिन चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राणघातक आहे. तुमचे काम ऐकण्याचे आणि नोंद करण्याचे : उभ्या गाडीत की धावत्या, सेकंदाला किती, थंड की गरम, चढावर की सपाटीवर. हा चार ओळींचा कागद गॅरेजमध्ये दिला, तर ‘आवाज येतो’ या दोन शब्दांपेक्षा मेकॅनिकला त्याचा कितीतरी अधिक उपयोग होईल.

आता एक उदाहरण सोडवा. इंजिन मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी चालू आहे. चार सेकंदांच्या आलेखात ४० टोके मोजली. इंजिन तापल्यावरही आवाज तसाच आहे आणि भार दिला तरी वाढत नाही. घरच्यांना तुम्ही काय सांगाल : इंजिन उतरवा, की झडपांची फट तपासून घ्या?