जलरोधी व बाष्पपार्य वस्त्रे

पावसाचे पाणी अडविणारी, परंतु घामाचे बाष्प बाहेर जाऊ देणारी सच्छिद्र तंतुमय वस्त्रे वा पटले. पावसाचा थेंब साधारणतः मिलिमीटरच्या मापाचा असतो, तर बाष्पाचा रेणू त्याच्या लक्षावधी पटींनी लहान असतो. या तफावतीवर अशा वस्त्रांची रचना आधारलेली आहे. मात्र छिद्रे लहान असणे पुरेसे नाही. तंतूंचा पृष्ठभाग न भिजणारा नसेल, तर केशाकर्षणाने पाणी आपोआप आत ओढले जाते. न भिजणाऱ्या पटलातील १ मायक्रोमीटर व्यासाच्या छिद्रात पाणी शिरण्यास सु. १० मी. उंचीच्या जलस्तंभाइतका दाब लागतो, ०·१ मिमी. व्यासाच्या छिद्रात सु. १० सेंमी. पुरतो.

या तत्त्वाचे महाराष्ट्रातील जुने उदाहरण म्हणजे घोंगडी. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील धनगर दख्खनी मेंढी पाळतात. संगमनेरी हा तिचाच एक उपप्रकार होय. तिच्या जाड्याभरड्या लोकरीचे सूत कातून, ताण्याला चिंचोक्यांची खळ देऊन, सणगर हातमागावर घोंगडी विणतात. लोकरीच्या तंतूचे बाह्य आवरण मेदाम्लाच्या अतिसूक्ष्म थरामुळे पाणी झटकते. गाभा मात्र बाष्प शोषतो. संपृक्त हवेत तो स्वतःच्या वजनाच्या सु. एक-तृतीयांश बाष्प सामावून घेतो व त्या वेळी उष्णता बाहेर पडते. सच्छिद्र पृष्ठावर थेंब का पसरत नाही, याचे गणित कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये मांडले, तेही इंग्लंडमधील एका लोकर-संशोधन संस्थेत.

जिल्ह्याच्या पूर्व भागात वर्षाला सु. ५०० ते ६०० मिमी. पाऊस पडतो, तर अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी येथे कित्येकदा ५,००० मिमी.हून अधिक. तेथे घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतात. दुमडीमुळे थर वाढतात, उतारामुळे पाणी निथळते. दिवसभराच्या झडीत मात्र ती भिजून जड होते आणि खांद्यावर ओझे असेल तेथे दाबामुळे पाणी झिरपते. काटेकोरपणे पाहता ती जलप्रतिसारक आहे, जलाभेद्य नव्हे.

हे वैगुण्य कृत्रिम पटलांत नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन झटक्याने ताणून तंतुजालाचे सूक्ष्मच्छिद्री पटल मिळविले. बाहेरचे कापड व आतले अस्तर यांच्यामध्ये ते चिकटवितात. विद्युत् कताईने अतिसूक्ष्म तंतूंचे थर रचूनही अशी पटले करता येतात. परंतु बाष्प बाहेर पडते ते आतील व बाहेरील बाष्पदाबांतील फरकामुळे. पावसाळी, कोंदट हवेत हा फरक थोडा असतो. बाहेरचे कापड भिजल्यावर त्यावर पाण्याचा पडदाही धरतो, आणि महागड्या कोटातही घाम साचतो. तो तात्पुरता शोषून घेण्याचा लोकरीचा गुण या पटलांत नाही. शिवाय फ्ल्युओरीनयुक्त लेप निसर्गात विघटित होत नाहीत. म्हणून पॉलिएथिलिनाची पटले प्रचारात येत आहेत.

शेतावर घोंगडीची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली, तो हलका व स्वस्त असल्यामुळे. बाष्पास तो मुळीच वाट देत नाही. मेंढ्या आता मुख्यतः मांसासाठी पाळतात. लोकरीची किंमत पुष्कळदा कातरणीच्या खर्चालाही पुरत नाही.