विरळ हिवतापाच्या प्रदेशात डासदंशाचे मोजमाप

श्रीलंकेत, म्हणजे त्या काळच्या सिलोनमध्ये, १९६३ साली हिवतापाचे अवघे १७ रोगी नोंदले गेले. रोग हटला असे मानून घरोघरची डी. डी. टी. फवारणी आवरती घेण्यात आली. १९६९ साली त्याच बेटावर रोग्यांचा आकडा पाच लाखांच्या पलीकडे गेला. भारताचा अनुभव याहून फारसा निराळा नाही. १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमानंतर १९६१ पर्यंत रोग्यांची वार्षिक संख्या सुमारे पन्नास हजारांवर आली होती. १९७६ मध्ये ती चौसष्ट लाखांवर गेली. अशा उलट्या फेरीची कारणे अनेक असतात. तथापि एक गोष्ट दोन्हीकडे समान दिसते. रोगी विरळ झाले म्हणजे डासांचा आणि माणसांचा संपर्क विरळ झाला, असे नव्हे. आणि रोग्यांच्या मोजणीवरून हा संपर्क किती उरला आहे हे कळतही नाही. तो निराळ्या मार्गाने मोजावा लागतो, आणि नेमक्या याच परिस्थितीत तो मोजणे सर्वांत कठीण असते.

मापनाची रूढ रीत दोन संख्यांच्या गुणाकाराची आहे. एका माणसाला एका रात्रीत ॲनॉफिलीस डासाच्या किती माद्या चावतात, ही पहिली संख्या. तिला दंशमान म्हणता येईल. त्या माद्यांपैकी किती जणींच्या लालाग्रंथींत हिवतापाच्या जंतूंची संसर्गक्षम अवस्था, म्हणजे बीजाणुज, उतरलेली आहे, ही दुसरी. दोहोंचा गुणाकार म्हणजे संसर्गी दंशमान. रोनाल्ड रॉसने विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाला गणिताच्या चौकटीत बसविले आणि जॉर्ज मॅकडोनाल्डने १९५० नंतरच्या दशकात त्या चौकटीला आजचे रूप दिले. तेव्हापासून हा गुणाकार रोगप्रसाराचा मानदंड ठरला आहे. उत्तर नायजेरियातील गार्की येथे १९६९ ते १९७६ या काळात झालेल्या प्रसिद्ध पाहणीत काही गावी माणशी वर्षाला शंभराहून अधिक संसर्गी दंश आढळले. तेथे हे माप उत्तम चालते. आशियातील पुष्कळ प्रदेशांत मात्र हाच आकडा वर्षाला एकाहूनही कमी असतो, आणि तेथे मापाचा काटाच डळमळू लागतो.

तो कसा, हे एका कल्पित गावाच्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, या गावी माणशी रात्रीला दोन ॲनॉफिलीस माद्या चावतात आणि दर हजार माद्यांपैकी एक संसर्गी आहे. वर्षाचे दंश ७३०, संसर्गी दंश ०.७३. आता एक संशोधक येथे चार माणसांना महिन्यातून दोन रात्री डास पकडावयास बसवितो आणि वर्षभर हे व्रत पाळतो. एकूण माणूस-रात्री ९६. हाती लागलेले डास सुमारे १९२. या १९२ डासांत संसर्गी डास सापडण्याची सरासरी अपेक्षा ०.१९ इतकीच. म्हणजे अशा शंभर पाहण्या केल्या तर त्यांपैकी ब्याऐंशींच्या आसपास पाहण्यांत एकही संसर्गी डास मिळणार नाही, आणि अहवालात संसर्गी दंशमान शून्य असे छापले जाईल. उरलेल्यांपैकी बहुतेकांना एक डास मिळेल. त्यांच्या हिशेबाने वर्षाला ३.८ संसर्गी दंश निघतील, म्हणजे खऱ्या मानाच्या पाचपट. खरा आकडा कोणालाच मिळणार नाही. इतक्या डासांच्या बळावर तो मिळणे शक्यच नाही.

शून्याचा अर्थ लावण्याचा एक साधा सांख्यिकीय नियम आहे. क्ष इतके नमुने तपासून एकही होकारार्थी न मिळाल्यास खरे प्रमाण शेकडा ९५ विश्वासाने ३ भागिले क्ष याहून अधिक नसावे. १९२ डासांना तो लावला तर वरची मर्यादा शेकडा १.५६ येते, आणि वर्षाच्या ७३० दंशांशी गुणली असता ११ हून थोडी अधिक. सारांश, ज्या अहवालात शून्य लिहिले आहे त्याचे प्रामाणिक वाचन शून्य ते अकरा असे केले पाहिजे. वर्षाला अकरा संसर्गी दंश म्हणजे काही किरकोळ गोष्ट नव्हे. तितक्यात गावातील फार थोडी माणसे हिवतापातून सुटतील. तरीही शून्यापुढे ही मर्यादा नोंदविण्याची शिस्त प्रबंधांतून क्वचितच पाळली जाते. दहा संसर्गी डास हाती यावेत एवढीच माफक अपेक्षा धरली तरी दहा हजार माद्या, म्हणजे पाच हजार माणूस-रात्री लागतील. कोणत्याही विभागाच्या अनुदानाला हे पेलणारे नाही. अनेक डास एकत्र कुटून तपासल्याने प्रयोगशाळेचा खर्च वाचतो, पण डास पकडण्याचे कष्ट वाचत नाहीत.

संसर्गाची चाचणीही निर्दोष नसते. लालाग्रंथींचे विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणुज प्रत्यक्ष पाहणे ही जुनी रीत होय. तिला कौशल्य लागते, पण तिच्या साक्षीविषयी शंका उरत नाही. आता बीजाणुजांच्या आवरणातील प्रथिन ओळखणारी एलायझा चाचणी सर्रास वापरली जाते. ती हजारात पाच डासांना जरी चुकून संसर्गी ठरवीत असली, तरी उपरोक्त गावी हजार डासांमागे एक खरा आणि पाच खोटे, असे सहा होकार येतील. जेथे दर वीस डासांत एक संसर्गी असतो तेथे ही चूक नजरेआड करता येते. येथे मात्र चूक हेच उत्तर होऊन बसते. जनावरांचे रक्त पिणाऱ्या जातींमध्ये असे खोटे होकार विशेष मिळतात, आणि पिसलेल्या डासाचा अर्क १०० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे तापवून चाचणी पुन्हा केली तर ते गळून पडतात, असे २०११ मध्ये दाखविण्यात आले. त्यापूर्वीच्या कित्येक नोंदी यामुळे संशयास्पद ठरतात.

आता पहिल्या संख्येकडे वळावयाचे. दंशमान काढण्याची मूळ पद्धत अशी, की एक माणूस पायांच्या पोटऱ्या उघड्या टाकून रात्रभर बसतो आणि पायावर डास उतरला की विजेरीच्या उजेडात शोषनळीने तो उचलून तासवार बाटलीत ठेवतो. माणसाला आमिष करणाऱ्या या पद्धतीवर नैतिक आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. प्रतिबंधक औषध घेऊन बसणाऱ्या माणसांना इतरांपेक्षा हिवताप कितीतरी कमी होतो, असे केनियातील २०१३ च्या एका अभ्यासात आढळले. परंतु त्या औषधाने डेंग्यूपासून संरक्षण मिळत नाही. पर्याय म्हणून मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाशेजारी प्रकाशसापळा टांगतात. सापळ्यातले डास आणि पायावर उतरणारे डास यांचे गुणोत्तर मात्र गावागणिक व जातीगणिक बदलते, म्हणून एका ठिकाणचा गुणक दुसरीकडे उसना घेता येत नाही.

भारतात आणखी एक पद्धत रुळलेली आहे. पहाटे घरांत व गोठ्यांत भिंतींवर विसावलेले डास पकडून एका माणसाने एका तासात किती पकडले ते नोंदवावयाचे. फवारणी कधी करावी हे ठरविण्यास ही नोंद उपयोगी पडते. मात्र तिला दंशाचे माप समजणे चूक आहे. ग्रामीण भारतातील प्रमुख वाहक ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस हा मुख्यतः गुरांवर पोसणारा डास आहे. गोठ्यात तो शेकड्यांनी मिळतो आणि त्याच्या पोटातील रक्त तपासले तर माणसाचे रक्त थोड्याच माद्यांत निघते. शिवाय हे एकच नाव धारण करणारी जात प्रत्यक्षात अनेक सहोदर जातींचा समूह आहे. १९८० मध्ये गुणसूत्रांवरील पट्ट्यांच्या मांडणीवरून त्यांपैकी ए आणि बी या दोन वेगळ्या ओळखल्या गेल्या. पुढे त्यांची संख्या पाचावर गेली. बाह्यरूपाने त्या एकसारख्या दिसतात. त्यांपैकी बी ही भारतात हिवतापाची अगदी दुबळी वाहक आहे. एखाद्या गावी बी जातीचेच प्राबल्य असेल, तर तेथील क्युलिसिफेसीसच्या मोठ्या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. आणि उलटपक्षी इतर सहोदर जाती थोड्या असल्या तरी त्यांच्याकडे काणाडोळा करणे महागात पडेल.

मुंबईची अडचण याच्या अगदी उलट आहे. तेथील वाहक ॲनॉफिलीस स्टीफेन्सी. बेंटली यांनी १९११ च्या आपल्या अहवालात शहरातील विहिरींकडे बोट दाखविले होते. पुढे विहिरींची जागा पाण्याच्या टाक्यांनी घेतली. या डासाच्या अळ्या शोधणाऱ्याला सहज सापडतात, प्रौढ माद्या मात्र मोठ्या कष्टानेही फारशा हाती लागत नाहीत. अळ्यांनी भरलेल्या टाक्यांच्या संख्येवरून माणशी दंश किती, हे गणित आजवर समाधानकारकपणे सुटलेले नाही. २०१२ मध्ये हाच डास आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिबूती येथे आढळला आणि नंतर तेथे हिवतापाने उसळी घेतली. तेव्हापासून मुंबईचा हा जुना प्रश्न दूरच्या संशोधकांनाही आपला वाटू लागला आहे.

डास पकडून माणसाचे दंश अनुमानण्याऐवजी माणसाच्याच शरीरात दंशाची खूण शोधावी, हा विचार या अडचणींतून पुढे आला. मादी रक्त शोषताना जखमेत लाळ सोडते. त्या लाळेतील प्रथिनांविरुद्ध माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. डासांच्या सर्व कुळांत आढळणारी प्रथिने येथे निरुपयोगी होत, कारण क्युलेक्सचे दंश ॲनॉफिलीसच्या खात्यावर जमा होतील. ॲनॉफिलीस गॅम्बी या आफ्रिकी डासात सापडलेले जीएसजी-६ हे लहानसे प्रथिन एडीस व क्युलेक्स यांच्या लाळेत नसते. त्याच्यातील २३ अमिनो आम्लांचा एक तुकडा २००८ मध्ये निवडण्यात आला आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे हे ॲनॉफिलीसच्या दंशाचे चिन्ह म्हणून तपासली जाऊ लागली. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब गाळणकागदावर वाळविला तरी ही तपासणी करता येते, ही सोय विशेष महत्त्वाची आहे. उत्तर सेनेगालमध्ये, जेथे सापळ्यांत ॲनॉफिलीस क्वचितच मिळत, तेथील मुलांच्या रक्तात या प्रतिपिंडांचे प्रमाण जवळजवळच्या गावांतही भिन्न आढळले. अंगोलात कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या वाटल्यानंतर ते घटले. हिवतापाच्या जंतूंविरुद्धची काही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात आणि म्हणून जुन्या संसर्गाची कथा सांगतात. लाळेविरुद्धची प्रतिपिंडे लौकर ओसरतात, म्हणून ती अलीकडच्या दंशांविषयी बोलतात. नियंत्रणाचा उपाय लागू पडला की नाही हे एका हंगामात जाणून घ्यावयाचे असेल, तर हा फरक मोलाचा आहे.

या पद्धतीचे आणखी एक सामर्थ्य असे, की ती माणसागणिक उत्तर देते. दंश गावात समान वाटले जात नाहीत. मोठ्या देहाच्या माणसाकडे डास अधिक येतात. गरोदर स्त्रियांकडे दुपटीने डास आकर्षिले जातात असे गॅम्बियात आढळले आहे. डबक्याशेजारचे घर आणि टेकडीवरचे घर यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. सांसर्गिक रोगांत पाचवा हिस्सा माणसे सुमारे चार पंचमांश प्रसाराला कारण होतात असा एक स्थूल आडाखा आहे. गावाच्या सरासरीत ही माणसे दिसत नाहीत, आणि प्रसार विरळ झाल्यावर तो टिकून राहतो तो त्यांच्यामुळेच. तीच गोष्ट वेळेची. गडचिरोलीसारख्या जंगलमुलखात, जेथे महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा वाटा नोंदला जातो, शेतावर जागलीला गेलेल्या माणसाला घरातल्या मच्छरदाणीचा काही उपयोग नाही. घरात व घराबाहेर तासवार उतरणारे डास आणि त्या त्या तासाला माणसे प्रत्यक्ष कोठे असतात याची नोंद, ही दोन्ही जुळविल्यावाचून काढलेले दंशमान कागदावरचेच राहते. डासांच्या नोंदी ठेवणारे पुष्कळ मिळतात. माणसे रात्री दहा वाजता कोठे असतात हे विचारणारे थोडे.

प्रतिपिंडांच्या पद्धतीलाही अतिस्तुती मानवणार नाही. ती दंश सांगते, संसर्गी दंश सांगत नाही. चाचणीतून मिळतो तो रंगाच्या गडदपणाचा आकडा. त्याचे रूपांतर अमुक दंश असे करणारी सर्वमान्य सारणी उपलब्ध नाही. तान्ह्या मुलांच्या रक्तात आईची प्रतिपिंडे उतरलेली असतात, म्हणून पहिल्या महिन्यांतील नमुने दिशाभूल करतात. शून्यपातळी ठरविण्यासाठी ज्यांना ॲनॉफिलीस कधी चावलाच नाही अशा माणसांचे रक्त लागते. ते बहुधा थंड देशांतून आणले जाते, आणि त्यांची व येथील माणसांची प्रतिकारशक्ती इतर बाबतींत सारखीच असेल असे गृहीत धरावे लागते. शिवाय निवडलेला तुकडा आफ्रिकी डासाचा आहे. ॲनॉफिलीसच्या सर्व जातींत या प्रथिनाची घडण तंतोतंत एक नाही, तेव्हा क्युलिसिफेसीस, स्टीफेन्सी किंवा ईशान्येकडील मिनिमस यांच्या दंशाला तो सारखाच प्रतिसाद देईल हे प्रत्येक ठिकाणी पडताळावे लागते. पडताळा पाहावयाचा म्हणजे त्याच गावी, त्याच हंगामात, रक्ताच्या थेंबांबरोबर डासही पकडावे लागतात, आणि तेही शून्य-अकराच्या घोळात न सापडण्याइतक्या रात्री बसून.