भाड्याच्या घराची कंपनीमार्फत खरेदी : मर्यादित जबाबदारीचे स्वरूप व सीमा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत भाड्याने देण्याचे घर स्वतःच्या नावे न घेता 'मर्यादित जबाबदारीच्या कंपनी'च्या नावे घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. माणूस आणि त्याची मालमत्ता यांना कायदा परस्परांपासून कोठवर अलग मानतो, हा जुनाच प्रश्न या पद्धतीत नव्या रूपाने उभा राहतो.

या कंपनीप्रकाराचा इतिहास फार जुना नाही. वायोमिंग राज्याने १९७७ साली यासंबंधीचा पहिला कायदा केला. निगमाची मर्यादित जबाबदारी आणि भागीदारीची एकेरी करआकारणी यांचा मेळ त्यात घातला होता. तथापि संघसरकारचे करखाते अशा कंपनीस भागीदारी मानील किंवा नाही, हे अनिश्चित होते. १९८८ साली त्या खात्याने अनुकूल निर्णय दिल्यावरच इतर राज्यांत या कायद्यांचा प्रसार झाला. १९९७ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार एकच सभासद असलेली कंपनी, तिने अन्य पर्याय न निवडल्यास, संघीय प्राप्तिकरापुरती सभासदाहून वेगळी समजली जात नाही. भाडे, दुरुस्तीखर्च व घसारा ही सर्व सभासदाच्याच विवरणपत्रात येतात. निवासी इमारतीचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत विभागला जातो, तोही उभयपक्षी सारखाच. सारांश, केवळ करबचतीसाठी अशी कंपनी काढणे बहुधा निष्फळ होय. उलट कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तिला दरवर्षी किमान ८०० डॉलर कर भरावा लागतो.

खरा लाभ जबाबदारीच्या क्षेत्रात आहे. जिना मोडून भाडोत्री जायबंदी झाला व भरपाईचा हुकूमनामा कंपनीविरुद्ध झाला, तर वसुली कंपनीच्या मालमत्तेतून होते. सभासदाचे राहते घर व बचत सामान्यतः अबाधित राहते. परंतु या संरक्षणास तीन मर्यादा आहेत. पहिली, सभासदाने स्वतः निष्काळजीपणाने दुरुस्ती केली असेल, तर त्या कृत्याची जबाबदारी त्याच्यावरच राहते. दुसरी, कंपनीचा व घरचा पैसा एकत्र मिसळला किंवा कंपनी केवळ नावापुरती ठेवली, तर न्यायालय कंपनीचा पडदा दूर सारू शकते. तिसरी, लहान कंपनीस कर्ज देताना बँक बहुधा सभासदाची वैयक्तिक हमी मागते; त्या कर्जापुरती मर्यादित जबाबदारी नाममात्रच उरते.

घर आधी स्वतःच्या नावे घेऊन मागाहून कंपनीकडे वर्ग करण्यातही अडचण आहे. मालकी बदलताच संपूर्ण कर्ज तत्काळ मागण्याचा अधिकार गहाणखतात सावकारास बहुधा दिलेला असतो. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने लहान निवासी घरांच्या काही हस्तांतरांना या अधिकारापासून संरक्षण दिले. कर्जदार स्वतः लाभधारी राहील अशा विश्वस्तनिधीकडे केलेले हस्तांतर त्यांत मोडते. कंपनीकडे केलेले हस्तांतर त्या यादीत नाही. सावकार प्रत्येक वेळी हा अधिकार बजावतोच असे नाही. तथापि त्याची पूर्वसंमती घेणे हाच निर्धोक मार्ग ठरतो.

या व्यवस्थेची दुसरी बाजू भाडोत्र्याची आहे. कंपनीपाशी एकच गहाण पडलेले घर असेल, तर मालकाचे रक्षण करणारी भिंतच जखमी भाडोत्र्याच्या भरपाईच्या आड येते. म्हणून पुरेसा दायित्वविमा हा कंपनीला पर्याय नसून तिचा आवश्यक पूरक होय. कंपनी हानीची सीमा ठरविते. हानी प्रत्यक्ष भरून निघते ती मात्र विम्यामुळेच.