प्लेट कोणत्या पिशवीत आली, ते आधी बघा



एलईडी बल्ब, सोलर दिवे, दिव्यांच्या माळा जोडायचं काम आता आपल्या संघातले बरेच गट घेऊ लागलेत. आयआयटी मुंबईच्या 70 लाख सोलर दिव्यांच्या योजनेत बिहार, झारखंड, ओडिशाकडच्या बचत गटांतल्या बायकांनी गावात बसूनच दिवे जोडले आणि शाळेतल्या पोरांना विकले. तेव्हा हे काम आपल्याला जमतं का, हा प्रश्न आता उरलेला नाही. जोडलेल्यातले किती परत येतात आणि त्याचे पैसे कोणाच्या मजुरीतून कापले जातात, हा प्रश्न आहे. म्हणून आज सोल्डरिंगवर नाही, पिशवीवर लिहिते. हो, पिशवीवरच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या केंद्रावर काय झालं ते सांगते. खोक्यातून एलईडीच्या प्लेटा आल्या, चंदेरी पिशव्यांत. काम सात घरी वाटून द्यायचं होतं. आम्ही पिशव्या कापल्या, प्लेटा मोजल्या, किराणाच्या पातळ पिशव्यांत भरल्या, वर गाठ मारली आणि घरोघरी पोचवल्या. चंदेरी पिशव्या पोरांनी पतंगाला शेपट्या लावायला नेल्या. बल्ब जोडून झाले, तपासताना सगळे लागले, माल गेला. महिनाभरात बल्ब परत यायला लागले. कुणातला एखादा ठिपका काळा, कुणाचा बल्ब मिचमिचतोय. व्यापाऱ्याने मजुरी कापली. बैठकीत सगळ्यांनी मिळून बोट दाखवलं ते एका ताईकडे, कारण तिचा हात सोल्डरिंगला नवा होता. ती बिचारी दोन बैठका आलीच नाही. पुढे प्रशिक्षणाला आलेल्या सरांनी परत आलेले बल्ब बघितले, टाके तपासले. टाके चांगले होते. मग त्यांनी विचारलं, "प्लेटा ठेवल्या कशात होत्या?"

आम्ही किराणाची पिशवी पुढे केली.

आता यात काय बिघडलं, ते समजून घेऊ. थंडीत पॉलिएस्टरचा स्वेटर काढताना चरचर आवाज येतो, केस उभे राहतात, कधी दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलले होते, तीच ही स्थिर वीज. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या किंवा चिकटून सुटल्या की एकीवरचा थोडा विद्युतभार दुसरीवर जातो. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, त्यामुळे तो भार तिथेच साठून राहतो आणि वाट मिळाली की एकदम उडी मारतो.

आपल्याला तो चटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. पण काही नाजूक चिपा 100 व्होल्टच्या आतही दुखावतात. म्हणजे तुम्हाला काही कळायच्या आत प्लेटचं काम झालेलं असतं. घरातला करंट 230 व्होल्टचा असून माणूस मरतो, मग 3000 व्होल्टने आपल्याला काही कसं होत नाही? टाकी कितीही उंचावर असली तरी तिच्यात पाणी वाटीभरच असेल तर खाली पूर येत नाही, तसं आहे ते. भार अगदी थोडा असतो आणि क्षणात संपतो. पण एलईडीच्या आतला जो भाग उजेड देतो, तो केसापेक्षा कितीतरी बारीक थरांचा असतो. त्याला वाटीभरही पुष्कळ होतं. त्यातही पांढरा आणि निळा उजेड देणारे एलईडी लाल एलईडीपेक्षा जास्त नाजूक.

कोरड्या हवेत साधी पॉलिथिनची पिशवी नुसती टेबलावरून उचलली तरी 20,000 व्होल्टपर्यंत दाब तयार होऊ शकतो. दमट हवेत तेच 1,200 च्या आसपास राहतं. म्हणूनच आषाढ-श्रावणात केलेला माल टिकतो आणि पौष-माघात केलेला परत येतो, असं होऊ शकतं. कोकणातल्या मैत्रिणींना याचा त्रास कमी, आपल्यासारख्या कोरड्या भागात जास्त.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की प्लेट लगेच मरतेच असं नाही. ती जखमी होते. तपासताना लागते आणि महिन्याने गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बंद पडते. बल्ब जायला कच्चा टाका, खराब ड्रायव्हर अशी दुसरी कारणंही असतात, सगळं पिशवीच्या माथी मारू नका. पण टाका डोळ्यांनी दिसतो, ही जखम दिसत नाही. म्हणून दोष नेहमी हात नवा असलेल्या बाईच्या पदरात पडतो.

आता पिशव्यांकडे येऊ. बाजारात मुख्यतः तीन रंग दिसतात.

गुलाबी पिशवी असते पॉलिथिनचीच, पण ते बनवताना त्यात साबणाच्या जातीचं एक औषध मिसळलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि त्या ओलसर पापुद्र्यावरून भार पसरून निघून जातो. म्हणजे ही पिशवी स्वतः भार साठवत नाही. एवढंच तिचं काम. बाहेरून चटका बसला तर ती आतल्या प्लेटला वाचवत नाही. हवा फार कोरडी असली की तिचा जोर कमी होतो, आणि जुनी झाली, खूप हाताळली की औषध निघून जातं. गुलाबी रंग तर नुसता ओळखीसाठी घातलेला. बाजारातली प्रत्येक गुलाबी पिशवी अँटिस्टॅटिक नसते, त्यामुळे रंगावर जाऊ नका.

चंदेरी पिशवी यातली खरी राखणदार. तिच्यात थर असतात. आत भार न साठवणारं प्लास्टिक, बाहेर पॉलिएस्टर आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा इतका पातळ मुलामा, की पिशवी उजेडात धरली तर आतली वस्तू दिसते. लंडनमध्ये 1836 साली मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने धातूच्या वर्खाने मढवलेली खोली उभी केली, तिला बाहेरून जोरदार वीज दिली आणि स्वतः आत उपकरणं घेऊन बसला. आत काहीच पोचलं नाही. वीज बाहेरच्या बाहेर धातूवरून पसरून जाते. पाऊस-विजेत पत्र्याच्या बंद गाडीत बसलेला माणूस वाचतो, तो याच कारणाने. चंदेरी पिशवी ही त्या प्लेटची पत्र्याची खोली आहे. पण खोलीला दार उघडं ठेवलं तर? म्हणून पिशवीचं तोंड दुमडून वर लेबल चिकटवायचं. स्टेपलर मारायचा नाही, त्याने भोक पडतं. भोक पडलेली, चुरगळून मुलामा उडालेली पिशवी बाद समजा. चांगली असेल तर पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणूनच पतंगाची शेपटी करायची नाही.

काळ्या पिशव्यांत, काळ्या ट्रेमध्ये आणि फोममध्ये कार्बन मिसळलेला असतो, त्यातून वीज वाहते. एलईडीच्या प्लेटा, सुट्या चिपा ठेवायला चांगलं. पण सोलर दिव्याची बॅटरी लावलेली प्लेट त्यात अजिबात ठेवू नका. बॅटरीची दोन टोकं त्या काळ्या वस्तूतून जोडली जातात, बॅटरी उतरते, तापूही शकते. तसंच चालू केलेली प्लेट चंदेरी पिशवीवर ठेवून तपासू नका.

खूण ओळखायला सोपी आहे. पिवळा-काळा त्रिकोण, त्यात पुढे आलेला हात. हातावर तिरपी रेघ असेल तर आतली वस्तू स्थिर विजेने खराब होणारी आहे. रेघ नाही आणि त्रिकोणावर कमान आहे, म्हणजे ती पिशवी किंवा वस्तू संरक्षण देणारी आहे.

नुसती पिशवी बरोबर असून भागत नाही. प्लेट पिशवीतून काढायच्या आधी मनगटी पट्टा बांधा, तो अर्थिंगला जोडा. पट्ट्याच्या वायरीत दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो, चुकून 230 ला हात लागला तर तो आपला जीव वाचवतो. म्हणून घरची उघडी तार हाताला गुंडाळून जुगाड करू नका, हे मी हात जोडून सांगते. त्यापेक्षा पट्टा येईपर्यंत काम थांबलेलं परवडलं. कामाला सुती साडी, सुती ड्रेस. प्लेट कडेला धरायची, ठिपक्यांवर बोट नको. टेबलावर थर्माकोल नको, कॅरीबॅग नको, आणि सेलोटेपचा तुकडा प्लेटजवळ फाडायचा नाही, टेप सुटतानाही भार तयार होतो.

आता पैशांचं. पुढच्या खेपेला आमच्याकडे माल आला तो साध्या पारदर्शक पिशव्यांत, सुटाच. व्यापाऱ्याच्या माणसाने खर्च वाचवला होता. या वेळी आमच्या सचिवताईंनी खोकं उघडतानाच फोटो काढला आणि चलनावर लिहिलं, "प्लेटा साध्या प्लास्टिक पिशवीत मिळाल्या, अँटिस्टॅटिक पिशवी नाही", खाली माल आणणाऱ्याची सही घेतली. तो म्हणाला, ताई, एवढं काय त्यात? सही मात्र केली. दीड महिन्याने परत आलेल्या बल्बांचा हिशोब निघाला तेव्हा ते चलन पुढे ठेवलं. थोडी हुज्जत झाली, पण त्या खेपेचे पैसे कापले गेले नाहीत आणि पुढचा माल चंदेरी पिशव्यांत आला. पहिल्या खेपेचे कापलेले परत मिळाले नाहीत, कारण तेव्हा पिशव्या आम्हीच कापल्या होत्या. ती ताई आता कामावर परत आलीय, माल मोजून घ्यायचं काम तिच्याकडेच दिलंय.

चलनावर एवढ्या नोंदी घ्या: तारीख, नग, पिशवी कोणती, फाटलेली किती, तोंड बंद होतं की उघडं. माल परत देतानाही याच नोंदी करा, म्हणजे दोन्हीकडची बाजू स्वच्छ राहते.

आमच्या केंद्रावर सध्या चांगल्या चंदेरी पिशव्या जास्तीच्या आहेत. बल्बचं काम नव्याने घेतलेल्या गटांनी पुढच्या मासिक बैठकीला येताना सांगावं, बरोबर देऊ.