कोंड्याचा मांडा : हिरवळीची कापणी आणि पात्याची निवड

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत बडा फुहारा या चौकाचे स्थान मोठे आहे. कमानिया गेट, सराफा, लॉर्डगंज हे सारे या कारंज्याच्या आसपासच नांदतात. लग्नसराईत येथे पाय ठेवण्यास जागा नसते. दागिने, वस्त्रे, भांडी यांची खरेदी या गल्ल्यांतून होते. विवाहसोहळा मात्र बहुधा शहराच्या कडेला असलेल्या एखाद्या ‘मॅरेज गार्डन’च्या हिरवळीवर पार पडतो. या व्यवसायाबरोबरच आणखी एक व्यवसाय शहरात वाढीस लागला आहे. तो म्हणजे हिरवळीच्या देखभालीचा. विवाह-उद्याने, रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि निवासी संकुले यांच्या हिरवळी कंत्राटाने सांभाळणारे अनेक लघुउद्योजक आज बँकांचे ग्राहक आहेत.

या व्यवसायात नफा आणि तोटा यांतील अंतर फार थोडे असते. यंत्र घेताना उद्योजक अश्वशक्ती, इंधन आणि हप्ता यांचा बारकाईने विचार करतो. परंतु ज्या पात्याने प्रत्यक्ष गवत कापले जाते, त्याचा विचार क्वचितच करतो. वस्तुतः गवताची प्रत, मजुरीचा खर्च आणि कामगाराची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी पुष्कळ अंशी त्या पात्यावर अवलंबून असतात.

मल्चिंग पाते म्हणजे काय?

गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील एडविन बडिंग याने १८३० मध्ये तयार केले. त्यात दंडगोलावर बसविलेली पाती होती. आज व्यावसायिक वापरात अधिक आढळते ते फिरत्या सपाट पात्याचे यंत्र. त्याच्या साध्या पात्याला टोकाशी एक पंख असतो. पाते फिरू लागले की हा पंख हवा वर खेचतो, गवत उभे राहते, धारेने कापले जाते आणि बाजूच्या तोंडातून बाहेर किंवा मागच्या पिशवीत फेकले जाते.

मल्चिंग पात्याची घडण याहून निराळी असते. त्याचा पृष्ठभाग अधिक वळणदार आणि धार अधिक लांब असते. कापलेले गवत बाहेर न जाता पात्यावरील धातूच्या झाकणाखाली, म्हणजे डेकमध्ये, पुनःपुन्हा फिरते आणि धारेखाली येऊन त्याचे बारीक तुकडे होतात. हे तुकडे उभ्या गवताच्या मुळाशी पडतात व कुजून जातात. त्यासाठी डेकचे बाजूचे तोंड झाकणीने बंद करावे लागते. केवळ पाते बदलले आणि तोंड उघडे ठेवले, तर अपेक्षित फळ मिळत नाही.

लाभ कोणता?

हिरव्या गवताच्या कापणीत सुमारे ८० टक्के पाणी असते. उरलेल्या कोरड्या भागात साधारण ४ टक्के नत्र आणि २ टक्के पालाश असते. कापणी जागेवरच राहू दिल्यास हिरवळीच्या वार्षिक नत्राच्या गरजेपैकी सुमारे चतुर्थांश भाग परत मातीला मिळू शकतो. यालाच आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणे म्हणतात. शिवाय २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेचा कचरा रस्त्यावर टाकण्यास व जाळण्यास मनाई केली. तेव्हापासून गवताचे ढीग उचलून नेणे हा कंत्राटदाराच्या माथ्यावरचा खर्चच झाला आहे.

कापणी जागेवर राहिल्याने हिरवळीत जाड थर साचतो, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. तो थर मुख्यतः सावकाश कुजणाऱ्या देठांचा आणि मुळांचा असतो. कोवळी, बारीक केलेली पाती लवकर विरून जातात. मात्र गवत फार वाढू देऊन एकदम कापले, तर त्याचे पुंजके पडतात आणि खालचे गवत पिवळे होते. म्हणून एका कापणीत उंचीचा एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, हा नियम मल्चिंगच्या बाबतीत कटाक्षाने पाळावा लागतो.

जबलपूरचे हवामान आणि पात्याची निवड

जबलपूर परिसरात वर्षाकाठी सुमारे १३०० ते १४०० मि.मी. पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात हरळीची, म्हणजे तिकडच्या दूबची, वाढ झपाट्याने होते आणि ती ओली असते. ओले, लांब गवत मल्चिंग पात्याला मानवत नाही. ते डेकला चिकटते, यंत्रावर ताण येतो आणि काळ्या चिकण मातीत चाके रुततात ते वेगळेच. म्हणून पावसाळ्यात उंच पंखाचे साधे पाते लावून गवत पिशवीत गोळा करावे व त्याचे खत करावे. पाऊस ओसरल्यावर, जमीन कोरडी झाली की मल्चिंग पाते लावावे. उन्हाळ्यात जेथे धूळ फार उडते तेथे उंच पंखाचे पाते मातीही वर खेचते आणि लवकर झिजते. तेथे बुटक्या पंखाचे पाते अधिक टिकते. थोडक्यात, वर्षभर चालेल असे एकच पाते शोधण्यापेक्षा दोन प्रकारचे संच बाळगणे शहाणपणाचे ठरते.

आणखी एक अपवाद तणांचा. फुलांवर किंवा बियांवर आलेले गाजरगवत मल्चिंग पात्याखाली घातल्यास त्याचे बी हिरवळभर पसरण्याचा धोका असतो. जबलपूर येथेच तणविज्ञानाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८९ मध्ये स्थापन झाले. आज ते तण संशोधन निदेशालय म्हणून ओळखले जाते. तेथून दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजरगवताविषयी जागृती सप्ताह आयोजित केला जातो. असे तण फुलोऱ्यापूर्वीच हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

खरेदी करताना

पाते विकत घेताना जुने पाते सोबत न्यावे. त्याची लांबी एका धारदार टोकापासून समोरच्या धारदार टोकापर्यंत तिरकी मोजावी. मधल्या छिद्राचा व्यास व आकार, रुंदी आणि जाडी यांचाही मेळ बसला पाहिजे. छिद्र गोल आहे, तारकाकृती आहे की बाजूस खुंट्यांची छिद्रे आहेत, हे पाहावे. ‘थोडे ढिले आहे, वायसर घालून बसेल’ असा सल्ला मुळीच मानू नये. मल्चिंगमध्ये तेच गवत अनेकदा कापले जात असल्याने इंजिनावर भार अधिक पडतो. म्हणून कमी शक्तीच्या यंत्राने चालण्याचा वेग कमी ठेवावा. यंत्रनिर्मात्याने त्या डेकसाठी मल्चिंग पाते मान्य केले आहे काय, हे माहितीपुस्तिकेत आधी तपासावे.

धार, तोल आणि सुरक्षितता

५३ सें.मी. लांबीचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३०० कि.मी. होतो. या वेगाने उडालेला खडा किंवा पात्याचा तुकडा प्राणघातक ठरू शकतो. विवाह-उद्यानात हा धोका विशेष आहे. मांडवाचे खिळे, सजावटीची तार, टाचण्या, काचेचे तुकडे समारंभानंतर गवतात राहतात. सोहळ्यानंतरची पहिली कापणी हिरवळ दंताळ्याने साफ केल्यावाचून कधीही करू नये, आणि कापणी चालू असता आसपास कोणास उभे राहू देऊ नये.

व्यावसायिक वापरात दर ८ ते १० तासांच्या कामानंतर पाते तपासावे. कापलेल्या गवताची टोके दुसऱ्या दिवशी फाटलेली, तपकिरी दिसली, तर धार गेली असे समजावे. पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची तार काढणे अनिवार्य आहे. धार लावताना मूळचा कोन कायम ठेवावा. पाते तापून निळसर पडले, तर पोलादाचा कडकपणा जातो. धार लावल्यावर पाते मधल्या छिद्रातून खिळ्यावर टांगून पाहावे. एक बाजू खाली झुकल्यास ती जड आहे. तोल बिघडलेले पाते यंत्र थरथरवते आणि बेअरिंग निकामी करते. तडा गेलेले, वाकलेले किंवा पंखाच्या मुळाशी झिजून पातळ झालेले पाते वेल्डिंग करून वापरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. ते मोडीतच काढावे.

हिशेबाची बाजू

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा, एका कंत्राटदाराकडे चार हिरवळी आहेत. गवत गोळा करून नेण्यास प्रत्येकी अर्धा दिवस लागतो आणि मजुरी दिवसास ५०० रुपये आहे. म्हणजे आठवड्याच्या एका फेरीस १,००० रुपये. कोरड्या महिन्यांत अशा २४ फेऱ्या मल्चिंगने केल्या, तर २४,००० रुपये वाचतात. तीन पात्यांच्या यंत्रासाठी दोन संच, पाते १,२०० रुपयांचे धरल्यास ७,२०० रुपये. जादा इंधन फेरीस २०० रुपयांप्रमाणे ४,८०० रुपये. खर्च वजा जाता १२,००० रुपये हाती राहतात. खताची बचत निराळी.

येथे एक पथ्य पाळावे. यंत्र ही अनेक वर्षे टिकणारी मालमत्ता असल्याने तिच्यासाठी मुदत कर्ज योग्य; पाती मात्र झिजणारी वस्तू आहे. तिचा खर्च चालू खर्चात धरून महिन्याच्या उत्पन्नातून भागवावा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत सेवा व्यवसायांनाही विनातारण कर्ज मिळू शकते. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत मर्यादा आहे. अर्जासोबत यंत्राचे दरपत्रक आणि हाती असलेली कंत्राटे जोडल्यास शाखेतील अधिकाऱ्यांना व्यवसायाचे स्वरूप समजणे सुलभ होते. कर्ज मंजूर करताना अधिकाऱ्यांनीही देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे की नाही, हे अवश्य विचारावे.

बडा फुहाऱ्याच्या बाजारात शालूची पारख करताना ग्राहक पोत, वीण आणि काठ निरखून पाहतो. ज्या पोलादावर महिन्याचा हप्ता आणि यंत्र चालविणाऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्या पात्याचीही तितकीच पारख व्हावयास हवी.