विश्लेषण : हिरवा ठिपका असलेल्या बिस्किटातही दूध का असते? घरी एअर फ्रायरमध्ये व्हीगन नानकटाई कशी जमते?

दुपारच्या चहाला बिस्किटांचा पुडा फुटला की घरातले मूल आधी हात पुढे करते. पण त्या मुलाला दुधाची ॲलर्जी असेल, तर आईबाबांचा हात आधी पुड्याच्या मागच्या बाजूकडे जातो. पुढे हिरवा ठिपका आणि ठळक अक्षरांत ‘एगलेस’. मागे बारीक टायपात ‘मिल्क सॉलिड्स’. पुडा पुन्हा फळीवर. घरातल्या एखाद्याने व्हीगन आहार स्वीकारला असेल, तरी हीच अडचण येते. घरी बिस्किटे करायची तर ओव्हन लागतो, हे आजवरचे उत्तर होते. आता मात्र अनेक ओट्यांवर एअर फ्रायर आला आहे आणि बहुतेक घरांत तो बटाट्याच्या फोडी नि समोसे गरम करण्यापलीकडे फारसा वापरला जात नाही. त्यात बिस्किटे खरेच होतात का, तूप-लोण्याशिवाय ती खुसखुशीत होतात का आणि कुठे जपायला हवे, याचा हा आढावा.

हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे का?

नाही. भारतात हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. आपल्या नियमांत दूध आणि दुधाचे पदार्थ शाकाहारातच मोडतात. अंडे मात्र मांसाहारी चिन्हाखाली जाते. त्यामुळे ‘एगलेस’ बिस्किटात लोणी, दूध पावडर, व्हे किंवा मध असू शकतो.

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. प्राण्यांपासून मिळणारे काहीच नको, म्हणजे दूध, तूप, दही आणि मधही नको, असा त्याचा अर्थ. भारतात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२२ मध्ये व्हीगन अन्नपदार्थांसाठी स्वतंत्र नियम आणले. या पदार्थांसाठी हिरव्या रंगातील ‘व्ही’ अक्षराचे वेगळे चिन्ह आहे. पुड्यावर ते नसेल तर घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही. बटर, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, लॅक्टोज यांपैकी एकही शब्द दिसला तर ते बिस्किट व्हीगन नाही.

दुधाची ॲलर्जी आणि दूध न पचणे, यात फरक काय?

या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. दूध न पचणे म्हणजे दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर कमी पडणे. पोट फुगते, जुलाब होतात. पण अशा व्यक्तीला थोडे तूप सहसा चालून जाते. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातील प्रथिनांवर उलटते. तिथे थोडक्या प्रमाणानेही अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे ते श्वास कोंडण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो.

त्यामुळे ॲलर्जी असलेल्यांसाठी व्हीगन चिन्हही पुरेसे नाही. हे चिन्ह घटकांबद्दल बोलते. त्याच कारखान्यात, त्याच यंत्रावर दुधाची बिस्किटेही तयार होत असतील तर अंश मिसळण्याची शक्यता उरते. ‘दुधाचा अंश असू शकतो’ अशी सूचना म्हणूनच वेगळी पाहावी लागते. घरी बिस्किटे करण्याचा खरा फायदा इथे आहे. काय घातले आणि कोणत्या भांड्यात घातले, हे दोन्ही आपल्याला माहीत असते.

सुरुवात नानकटाईनेच का करायची?

परदेशी कुकीच्या बहुतेक पाककृती लोणी आणि अंड्यावर उभ्या असतात. दोन्ही काढले की पर्यायांची शोधाशोध सुरू होते. आपल्या नानकटाईत अंडे नसतेच. पीठ, साखर आणि स्निग्ध पदार्थ या तीनच गोष्टींवर ती उभी असते. सुरतेतील डच वखारीच्या बेकरीतून ती पारशी बेकरीवाल्यांकडे आली आणि तिथून सगळीकडे पसरली, असे सांगितले जाते.

महाराष्ट्रातील अनेक घरांना सुटीतला एक बेत आठवत असेल. मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप डब्यात भरून गल्लीतल्या बेकरीत न्यायचे, तिथे पत्र्यावर नानकटाई थापून घ्यायची आणि भट्टीतून निघालेली, घरभर वास करणारी नानकटाई डबा भरून आणायची. त्या घाण्यात दही किंवा दूध पडले नसेल, तर ती नानकटाई व्हीगनच होती. फक्त तेव्हा तिला कोणी तसे म्हणत नव्हते.

तुपाची जागा कोणी घ्यायची?

नानकटाईचा खुसखुशीतपणा येतो तो घट्ट स्निग्ध पदार्थातून. घट्ट तूप साखरेबरोबर फेसले की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि पिठाच्या कणांवर तुपाचा थर बसतो. त्यामुळे गव्हातील ग्लुटेनचे धागे लांब होत नाहीत आणि बिस्किट चिवट न होता तोंडात विरघळते. पातळ तेलात हवा अशी अडकत नाही.

वनस्पती तूप घट्ट असते, पण ट्रान्स फॅटमुळे त्याचे नाव खराब झाले. १ जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपांतील ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली आहे. मार्गारिन वापरायचे तर त्यातही दुधाचे घटक असू शकतात, म्हणून लेबल पाहावे.

घरगुती प्रयोगासाठी सोयीचे आहे ते खोबरेल तेल. कोकण, गोवा, केरळच्या स्वयंपाकाला ते परके नाही; घाटावर मात्र ते डोक्याला लावायचे म्हणूनच ओळखले जाते. बाटलीवर खाद्यतेल असा उल्लेख आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेलेच घ्यावे. खोबऱ्याचा वास नको असेल तर रिफाइंड प्रकार मिळतो. हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होते. पुण्यातल्या जानेवारीत ते आपोआप गोठते. मुंबईत बहुतेक वर्षभर ते पातळच असते. अशा वेळी मोजलेले तेल १५ ते २० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. श्रीखंडाइतके मऊ-घट्ट झाले की फेसायला घ्यावे; दगडासारखे झाले तर थोडा वेळ बाहेर ठेवावे.

एअर फ्रायर नेमके काय करतो?

नावात ‘फ्रायर’ असले तरी तो तळत नाही. वरच्या बाजूला तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीची टोपली अशी त्याची रचना असते. पंखा गरम हवा वेगाने फिरवतो. थोडक्यात, तो पंख्याचा छोटा ओव्हन आहे. फिरती हवा पदार्थाला उष्णता लवकर देते आणि वरचा पृष्ठभाग लवकर वाळवते.

बिस्किटांसाठी यातून तीन गोष्टी निघतात. एक, ओव्हनच्या पाककृतीत १७० ते १८० अंश सांगितले असेल तर इथे १५० ते १६० पुरतात आणि वेळही थोडा कमी लागतो. दोन, उष्णता वरून येत असल्याने जाड गोळा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. म्हणून गोळा चपटा हवा. तीन, हवा खालूनही फिरायला हवी. टोपलीची सगळी भोके कागदाने झाकली तर तळ पांढरा राहतो.

विजेचा हिशेबही सोपा आहे. १,५०० वॉटचा एअर फ्रायर अर्धा तास सलग तापला तरी पाऊण युनिट वीज लागेल. तापमान गाठल्यावर कॉइल अधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्ष वापर त्याहून कमी असतो.

प्रमाण आणि कृती काय?

साधारण १४ नानकटाया होतील असे हे प्रमाण आहे.

- मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक : १०० ग्रॅम
- बेसन : २५ ग्रॅम
- बारीक रवा : १५ ग्रॅम
- पिठीसाखर : ६५ ग्रॅम
- घट्ट खोबरेल तेल : ७५ ग्रॅम
- बेकिंग पावडर : अर्धा लहान चमचा
- वेलदोडा पूड, चिमूटभर मीठ

१. परातीत तेल आणि पिठीसाखर घेऊन चार-पाच मिनिटे तळहाताने फेसा. मिश्रण पांढरे आणि हलके दिसायला हवे. ही पायरी उरकली तर नानकटाई दडदडीत होते.

२. मैदा, बेसन, रवा, बेकिंग पावडर, मीठ आणि वेलदोडा एकत्र चाळून त्यात मिसळा. पोळीच्या कणकेसारखे मळू नका. फक्त गोळा जमेपर्यंत हलक्या हाताने एकत्र करा. पीठ कोरडे वाटले तर एखादा चमचा तेल वाढवा, पाणी नको.

३. २० ग्रॅमचे गोळे करून हलके दाबा. उंची साधारण एक सेंटिमीटर ठेवा. ताटली झाकून १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा.

४. एअर फ्रायर १५० अंशांवर तीन मिनिटे तापवा. टोपलीच्या तळापेक्षा लहान कापलेला बेकिंग पेपर घेऊन त्यावर बोटभर अंतर सोडून सहा-सात नानकटाया ठेवा.

५. १५० अंशांवर १२ ते १४ मिनिटे भाजा. दहाव्या मिनिटाला एकदा उघडून पाहा. प्रत्येक यंत्राची धग वेगळी असते, म्हणून पहिल्या वेळी दोनच नानकटाया भाजून वेळ ठरवावा.

६. कडा फिकट सोनेरी झाल्या की बंद करा. नानकटाया गरम असताना हाताला मऊ लागतात. त्या कच्च्या नसतात. टोपलीतच दहा मिनिटे राहू द्या, मग अलगद उचला.

एक धोका लक्षात ठेवायला हवा. रिकाम्या टोपलीत नुसता कागद ठेवून यंत्र तापवू नये. पंख्याच्या झोताने कागद उडून वरच्या कॉइलला लागतो आणि पेट घेऊ शकतो. कागद नेहमी बिस्किटांच्या वजनाखालीच हवा.

कुठे बिघडते?

नानकटाई पसरून पोळी झाली, तर तेल पातळ होते किंवा गोळे थंड केले नव्हते. हातात घेताच भुगा झाला, तर तेल कमी पडले किंवा ती गरम असताना उचलली. वरून तांबूस आणि आत कच्ची राहिली, तर तापमान दहा अंश कमी करून वेळ दोन मिनिटे वाढवा.

रंग फिका वाटतो, ही नेहमीची तक्रार. दुधातील प्रथिने आणि लॅक्टोज बिस्किटाला तांबूस रंग देतात. व्हीगन बिस्किटात ते नसल्याने रंग उजळच राहतो. त्यासाठी भाजत राहू नका. फार तर दोन चमचे पिठीसाखरेच्या जागी गुळाची पावडर घाला. स्टार्चयुक्त पदार्थ जास्त करपवले की ॲक्रिलामाइड हे नकोसे रसायन वाढते, त्यामुळेही सोनेरी रंगावर थांबणे बरे.

अंडे लागणारी एखादी कुकी करायची असेल, तर एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून वापरता येते. पावसाळ्यात बिस्किटे सादळली तर १२० अंशांवर दोन-तीन मिनिटे ठेवून गार होऊ द्या, पुन्हा खुटखुटीत होतील. घट्ट झाकणाच्या डब्यात ती आठवडाभर छान राहतात. डब्यात भरण्याआधी मात्र पूर्ण गार हवीत.

मग ही बिस्किटे आरोग्यदायी म्हणायची का?

इथे थोडे स्पष्ट बोलावे लागेल. एअर फ्रायरमुळे तळणाचे तेल वाचते, पण बिस्किटात तेल पिठातच मिसळलेले असते. ते कुठेही जात नाही. वरच्या प्रमाणातील एका नानकटाईत साडेपाच ग्रॅमच्या आसपास तेल, साडेचार ग्रॅमहून थोडी अधिक साखर आणि सुमारे १०० किलोकॅलरी असतात. खोबरेल तेलातील संपृक्त स्निग्धांश तुपापेक्षाही जास्त असतो. ‘व्हीगन’ हे लेबल वजन किंवा कोलेस्टेरॉल यांबद्दल काहीच सांगत नाही. दोन खाव्यात आणि डबा बंद करावा, हा आजीचा नियम इथेही लागू आहे.

ॲलर्जी असलेल्या मुलासाठी करत असाल, तर आदल्या दिवशी पनीर टिक्का भाजलेली टोपली आणि तिची जाळी साबणाने घासून धुवा. परात, चाळणी, चमचे आणि हातही. तूप काढलेला चमचा तेलाच्या बरणीत जाऊ देऊ नका. बेसन किंवा गहू चालतो का, हे मुलाच्या डॉक्टरांना विचारून घ्या, कारण दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना दुसऱ्या पदार्थांचीही असू शकते.

एवढी काळजी घेतली की डबा वर्गात नेता येतो, वाढदिवसाला ताटलीत मांडता येतो. आणि ‘हे मी खाऊ का?’ या मुलाच्या प्रश्नावर पुडा उलटा करून बारीक अक्षरे वाचण्याची वेळ येत नाही.