पोहण्याचा पोशाख कोणी ठरवावा?

परीक्षा आटोपल्या आणि पारा चाळीस अंशांच्या वर गेला, की सोलापुरात दरवर्षी पोहण्याच्या उन्हाळी वर्गांची चौकशी सुरू होते. मुलाचे नाव घालायला आलेले पालक शुल्क किती, वेळ कोणती आणि शिकवणारा कोण, एवढे तीन प्रश्न विचारतात आणि पैसे भरून मोकळे होतात. मुलीचे नाव घालायचे असले म्हणजे मात्र चौथा प्रश्न निघतो व तो बहुधा आईच हलक्या आवाजात विचारते: पाण्यात घालायचे काय? मुलगी सात-आठ वर्षांची असेपर्यंत या प्रश्नाला फारशी धार नसते. ती अकरा-बारा वर्षांची झाली की तो टोचू लागतो, आणि तो सोडवण्याऐवजी पोहणेच सोडून देण्याचा सोपा मार्ग घरोघर पत्करला जातो.

हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्याची जाहीर चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु त्याचा हिशेब घराच्या उंबऱ्याशी संपत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत आपल्या देशात दरसाल तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरण पावली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे तीन लाख माणसे बुडाली, आणि पाच ते चौदा या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बुडण्याचा क्रमांक तिसरा लागतो. आपल्याकडे बुडणाऱ्यांत पुरुषांची संख्या अधिक असते हे खरे; पण पाण्याजवळ जाण्याची मोकळीकही त्यांनाच अधिक असते. पाणी आपण होऊन दाराशी येते तेव्हा हिशेब उलटतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतील कडलूर येथे ३९१ स्त्रिया आणि १४६ पुरुष मरण पावल्याची नोंद ऑक्सफॅम या संस्थेने केली आहे. लाट आली त्या वेळी स्त्रिया किनाऱ्यावर होत्या, हे त्याचे एक कारण. पण त्सुनामीग्रस्त प्रदेशांत स्त्रियांना पोहता न येणे आणि अंगावरच्या वस्त्रांनी हातपाय जखडणे हीही कारणे होतीच. महापुराच्या लोंढ्यात पोहणारा हमखास वाचतो असे नव्हे. परंतु ज्याला तरंगताही येत नाही त्याला काठ दोन हातांवर असूनही उपयोग नसतो.

लाज कपड्यात की नजरेत?

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे ‘आपली संस्कृती’ विरुद्ध ‘पाश्चात्त्य अनुकरण’ अशा ठरावीक शब्दांत होते. ती तशी करणाऱ्यांनी एकदा आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरी आषाढीच्या सुमारास चंद्रभागेच्या वाळवंटात जाऊन यावे. हजारो स्त्रिया उघड्या आकाशाखाली, परक्या पुरुषांच्या देखत नदीत उतरतात, ओलेत्या बाहेर येतात आणि तिथेच आडोसा करून लुगडी बदलतात. त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे स्त्रीने चारचौघांत पाण्यात उतरणे आपल्या परंपरेला मुळीच नामंजूर नाही. पुण्यासाठी बुडी मारायला समाजाची संमती आहे. व्यायामासाठी किंवा आनंदासाठी हात मारायला ती नाही, एवढाच फरक. स्नानाच्या ओल्या पातळात जे चालते ते पोहण्याच्या घट्ट पोशाखात चालत नाही, याचे कारण कापडाच्या लांबीरुंदीत नसून पाहणाऱ्याने ठरवलेल्या हेतूत आहे.

जुन्या पोशाखाकडे पाहिले तरी हेच दिसते. कासोटा घातलेले नऊवारी लुगडे नेसून बायका शेतात कामे करीत, घोड्यावर बसत आणि प्रसंगी पाण्यातही उतरत. खेड्यातल्या विहिरींवर मुले लंगोटीवर आणि लहान मुली परकराचा काचा मारून, पाठीला भोपळा किंवा बंद डबा बांधून पोहायला शिकत. तेथे गणवेश नव्हता, आरसा नव्हता आणि प्रेक्षकही घरचेच होते. विहीर सुटली, शहरातला तलाव आला, तेव्हा घरच्या प्रेक्षकांची जागा अनोळखी माणसांनी घेतली. संकोच वाढला तो येथून.

त्यात चित्रपटांनी भर घातली. १९३८ साली पडद्यावर आलेल्या ‘ब्रह्मचारी’ या मराठी बोलपटात मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याचा पोशाख घातला आणि महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली! आचार्य अत्रे यांची लेखणी व मास्टर विनायक यांचे दिग्दर्शन लाभलेला तो चित्रपट लोकांनी गर्दी करून पाहिला आणि नावेही ठेवली. तेव्हापासून पोहण्याचा पोशाख म्हटले की पोहणारी डोळ्यांसमोर येत नाही, पडद्यावरची नायिका येते. वास्तविक १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या डॉली नाझीर आणि वयाची बारा वर्षेही पूर्ण न झालेल्या कलकत्त्याच्या आरती साहा भारतातर्फे पोहल्या. त्याच आरती साहा यांनी २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लिश खाडी पार केली. असे करणाऱ्या त्या आशियातील पहिल्या स्त्री ठरल्या आणि पुढल्याच वर्षी देशाने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. त्यांचे चित्र आपल्या मनात नाही, नायिकेचे आहे. पालकांच्या संकोचाचे मूळ काही अंशी या चित्रांच्या निवडीत आहे.

टॉवेलचा गुण, पोशाखाचा दोष

सोलापूरकरांना कापड शिकवायला नको. येथील चादर आणि टर्किश टॉवेल या दोहोंनाही भौगोलिक उपदर्शनाची मान्यता आहे. टॉवेलचा मोठा गुण कोणता, तर सुती धाग्याच्या उभ्या फासांमुळे तो पाणी चटकन शोषतो. पोहण्याच्या पोशाखात नेमका हाच गुण दोष ठरतो. सुती कापड पाणी पिऊन जड होते, अंगापासून सुटून लोंबते आणि शिकाऊ पोराला खाली ओढते. त्याचे तंतू सुटून तलावाच्या गाळण्यांत अडकतात. म्हणून बहुतेक तलावांवर सुती बनियन, अर्धी चड्डी किंवा सलवार-कमीज घालून उतरू देत नाहीत. यात संस्कृतीचा अवमान नसून पदार्थविज्ञान आहे. नायलॉन किंवा पॉलिएस्टर पाणी फारसे धरत नाही. त्यात ताणणारा धागा मिसळला की कापड अंगाबरोबर हलते. ओढणी तर पाण्यात नकोच. ती गळ्याभोवती गुंडाळली जाण्याचा धोका असतो.

पालक ज्या गोष्टीवर वाद घालतात ती, म्हणजे बाही किती आणि पाय कुठवर, सुरक्षिततेच्या दृष्टीने दुय्यम आहे. कापड पाणी धरणारे नसावे, अंगासरशी असावे, त्याला नाड्या व झालरी नसाव्यात, हे महत्त्वाचे. त्याहूनही महत्त्वाचा, पण क्वचितच विचारला जाणारा प्रश्न रंगाचा. निळ्या फरशीच्या तलावात निळा, आकाशी किंवा राखाडी पोशाख घातलेले मूल पाण्याखाली गेले तर दिसत नाही. भडक नारिंगी वा तत्सम झळाळता रंग लगेच नजरेत भरतो. ‘साधा, सोज्ज्वळ’ म्हणून फिकट निळा रंग निवडणारी आई नकळत जीवरक्षकाचे काम कठीण करीत असते.

अंग झाकणे म्हणजे मागासलेपण आणि उघडे टाकणे म्हणजे सुधारणा, हे समीकरणही टिकणारे नाही. ऑस्ट्रेलियात उन्हापासून त्वचेचे रक्षण व्हावे म्हणून लहान मुले लांब बाह्यांचे पोहण्याचे सदरे सर्रास घालतात. त्यामागे धर्म नाही, वैद्यकशास्त्र आहे. वैशाखात सोलापूरच्या उघड्या तलावावर त्याच कारणाने बाह्यांचा पोशाख शहाणपणाचा ठरेल. दुसरीकडे, स्पर्धेत उतरायचे तर तोकडाच पोशाख लागतो ही समजूतही चुकीची आहे. २०१० पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पोशाख कापडाचाच असावा लागतो. पुरुषांना बेंबीपासून गुडघ्यापर्यंत आणि स्त्रियांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तो चालतो.

जगाने काय केले?

हा पेच आपल्याच वाट्याला आलेला नाही. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१३ मध्ये एका मुस्लिम विद्यार्थिनीच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की पूर्ण अंग झाकणारा बुर्किनी घालून शाळेच्या पोहण्याच्या तासाला बसता येते. म्हणून तासातून सूट मिळणार नाही. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील पालकांनी वयात न आलेल्या मुलींना मुलांबरोबर पोहायला पाठवण्याचे नाकारले, तेव्हा त्यांना १,४०० फ्रँक दंड झाला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१७ मध्ये तो उचलून धरला. तेथेही बुर्किनीची मुभा आणि कपडे बदलण्याची स्वतंत्र सोय देऊ केलेली होती. फ्रान्समधील काही किनारी गावांनी मात्र २०१६ साली उलट दिशेने जाऊन बुर्किनीवरच बंदी घातली, आणि तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यांपैकी एका गावाची बंदी काही दिवसांतच स्थगित केली.

या तीन उदाहरणांत पहिल्या दोघांनी पाळलेले सूत्र मला ग्राह्य वाटते. पोशाख कोणता, याबाबत पालकांना वाव द्यावा. पोहायचे की नाही, हे पोशाखावरून ठरू देऊ नये. सोलापूरसारख्या मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या कुटुंबांच्या शहरात एकाच्या चालीरीती दुसऱ्यावर लादून चालणार नाही. पण चालीरीतींच्या नावाखाली मुलींनी काठावरच बसावे, हेही चालणार नाही.

आधी कोण?

येथे अर्थशास्त्रातील एक साधा विचार उपयोगी पडतो. समजा, एका वर्गात चाळीस मुली आहेत आणि त्यांपैकी तीस जणींच्या आयांना आपली मुलगी पोहायला शिकावी असे मनापासून वाटते. परंतु प्रत्येक आईची अट एकच: ‘इतर मुली गेल्या तर आमचीही पाठवू.’ परिणामी तीसही जणी घरी राहतात. एकेकीचा निर्णय समंजस असतो. सर्वांच्या निर्णयांची बेरीज मात्र कोणालाच नको असते. पहिली मुलगी पाठवणाऱ्या घराला शेजाऱ्यांची कुजबुज, नातलगांचे टोमणे आणि सासरच्यांची नाराजी, अशी धैर्याची पुरी किंमत मोजावी लागते. दहाव्या घराला तीच गोष्ट जवळजवळ फुकट मिळते. जेथे पहिल्याला सर्व खर्च आणि लाभ मात्र सर्वांना, तेथे तो पहिला खर्च सार्वजनिक संस्थेने उचलावा, हा अर्थशास्त्राचा जुना दंडक आहे.

पैशाची बाजूही आहेच. नामांकित कंपनीचा पोशाख विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या घराला काही दिवसांच्या मजुरीएवढा पडतो. मूल वाढते, क्लोरीनने ताणणारा धागा सैल होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच खर्च. अशा घरात संकोच आणि टंचाई एकमेकांना आधार देतात. एकीचे कारण सांगून दुसरी झाकता येते.

यावर उपाय आपल्या शहराच्या धंद्यातच आहे. गिरण्यांचे भोंगे थांबल्यानंतर सोलापूरने तयार कपड्यांत, विशेषतः शालेय गणवेशांत, नाव कमावले. २०१७ पासून येथे गणवेशांची प्रदर्शनेही भरू लागली. गणवेशाची मूळ कल्पना हीच, की कोणाच्या घरची ऐपत किंवा आवड वर्गात दिसू नये. मोज्यांचा रंग आणि रिबिनीची रुंदी ठरवून देणाऱ्या शाळांनी पोहण्याचा गणवेश का ठरवू नये? एकच कापड, एकच भडक रंग आणि दोन नमुने असावेत: एक गुडघ्यापर्यंतचा बिनबाह्यांचा, दुसरा पूर्ण बाह्यांचा व घोट्यापर्यंतचा. मुलांनाही तेच कापड. कोणता नमुना घ्यायचा ते पालकांनी मुलीला विचारून ठरवावे. बारा वर्षांच्या मुलीला स्वतःचे मत असते. आणि ‘तू हाच का घातलास?’ असे शिक्षकाने कोणालाही विचारू नये.

अर्थात केवळ कापड शिवून भागणार नाही. आयांची भीती पुष्कळदा पोशाखाची नसते, पाहणाऱ्यांची असते. हातोहाती कॅमेरे आल्यापासून ती निराधारही राहिलेली नाही. तलावाच्या आवारात मोबाईल नेण्यास बंदी, आतून कडी लागणाऱ्या खोल्या, मुलींसाठी स्त्री शिक्षिका व जीवरक्षक, बघ्यांना मज्जाव आणि महिन्यातील अडचणीच्या दिवसांत कारण न विचारता सुटी, एवढ्या गोष्टी व्यवस्थापनाने केल्या पाहिजेत. पाहणाऱ्यांच्या वर्तनाची किंमत आजवर आपण मुलींकडून वसूल करीत आलो. ती पाहणाऱ्यांकडूनच वसूल व्हावी, एवढीच ही मागणी आहे.

पालकांचा अधिकार मोठा आहे व तो राहावा. परंतु कोणत्या पोशाखात पोहावे हे ठरवण्याचा अधिकार म्हणजे पोहू न देण्याचा अधिकार नव्हे. येत्या जूनच्या आत एखाद्या शाळेने गणवेशाच्या यादीत ही एक ओळ वाढवली आणि पालकसभेत ती समजावून सांगितली, तर ‘आधी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर एकट्या आईला द्यावे लागणार नाही.